चाकाची पत्रिका जुळवताना

जुन्या गाडीला नवी मॅग व्हील्स लावायची म्हणजे फक्त डिझाइन आणि साइज बघायची, असं वाटतंय? मग हब आणि चाक यांच्यात आडव्या येणाऱ्या दोन मिलिमीटरची ही गोष्ट आधी वाचा.

पहिली नोकरी, पहिला शेअरिंगमधला फ्लॅट आणि पहिली गाडी. यातली तिसरी गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांकडे नवीकोरी येत नाही. नव्या गाडीचा ईएमआय सात वर्षं मानगुटीवर बसवून घेण्यापेक्षा जुनी हॅचबॅक घेणं परवडतं. नाहीतर बाबांची गाडी 'वारसाहक्काने' पदरात पडते. इंजिन ठणठणीत असतं, एसीही बऱ्यापैकी थंड करतो. पण सोमवारी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये चकाचक एसयूव्हींच्या रांगेत ती उभी केली की जरा अंग चोरून उभी राहिल्यासारखी वाटते. मग डोक्यात पहिला विचार येतो तो चाकांचा. रंगकाम महाग, म्युझिक सिस्टिम बाहेरून दिसत नाही, चाकं मात्र लांबून दिसतात. चार मॅग व्हील्स लावली की गाडी एका रविवारात पाच वर्षांनी तरुण!

माझ्याकडे आहे ती फियाट पॅलिओ, १.२, २००४ सालची. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, २००१ साली ही गाडी भारतात आली तेव्हा जाहिरातीत साक्षात सचिन होता. आधी मुंबईत कुर्ल्याला आणि नंतर पुण्याजवळ रांजणगावला बनायची, म्हणजे तशी ही आपल्या मातीतलीच इटालियन. जाडजूड पत्रा, घट्ट स्टिअरिंग, हायवेवर रस्त्याला चिकटून चालणं, हे सगळं आजही झक्कास आहे. अडचण एकच. तिच्या मापाची मॅग व्हील्स शोधायला निघालात की दुकानदार दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणतो, "पॅलिओचं नाही येत साहेब." दुसरा म्हणतो, "बसवून देतो ना बॉस, पॅलिओला सगळे हेच लावतात."

यातल्या दुसऱ्यापासून जपायचं. का, ते सांगतो.

पीसीडी म्हणजे काय रे भाऊ?

चाक काढलं की हबवर बोल्टांची भोकं दिसतात. या सगळ्या भोकांच्या मध्यातून जाणारं एक वर्तुळ कल्पनेने काढा. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. त्याच्या आधी भोकांची संख्या लिहितात. ४ गुणिले १०० म्हणजे चार भोकं आणि १०० मिलिमीटरचं वर्तुळ. मारुती स्विफ्ट, ह्युंदाई सँट्रो, जुनी होंडा सिटी, रेनॉचं तंत्र घेऊन महिंद्राने २००७ मध्ये नाशिकला बनवायला घेतलेली लोगान, या सगळ्या गाड्या ४ गुणिले १००. बाजारात छोट्या गाड्यांसाठी जी चाकं ढिगाने टांगलेली दिसतात, ती बहुतेक याच मापाची.

पण सगळं जग १०० वर थांबलेलं नाही. मारुती ८०० आणि जुनी झेन यांचं माप ४ गुणिले ११४.३. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो सरळ साडेचार इंच आहे. फोर्ड आयकॉनचं ४ गुणिले १०८. आणि आमच्या पॅलिओचं? ४ गुणिले ९८. फियाटने हे माप अनेक दशकं धरून ठेवलं. जुन्या फियाटच्या परवान्यावर रशियात बनलेल्या लाडा गाड्यांनाही तेच मिळालं.

आता गंमत बघा. झेनवाल्याने चुकून १०० चं चाक आणलं तर ते हबवर बसणारच नाही. १४.३ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसतो, बोल्ट भोकात जात नाही, विषय तिथेच संपतो. पॅलिओवाल्याचं तसं नाही. ९८ आणि १०० मध्ये फरक फक्त दोन मिलिमीटरचा. तो वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना वाटला जातो, म्हणजे प्रत्येक बोल्टाच्या वाट्याला एकच मिलिमीटर. बोल्ट भोकात जातो. पाना लावून ओढला की घट्टही होतो. चाक फिरतं, गाडी चालते, दुकानदार पैसे मोजून घेतो. मोठा फरक आपल्याला आपणहून थांबवतो आणि छोटा फरक फसवतो, तो असा.

'दोन एमएमने काय होतंय?'

हे वाक्य मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ऐकलं, पुण्यात नाना पेठेतही ऐकलं. दर वेळी सोबत तेच आश्वासक हसू होतं. म्हणून माझ्या मेकॅनिक काकांना विचारलं. काका फियाट उघडत-जोडत म्हातारे झालेले. त्यांनी मलाच उलट विचारलं, "चाक कशावर टिकतं, सांगा बघू?"

मी म्हटलं, "बोल्टवर."

"चूक. बोल्ट फक्त दाबून धरतो. चाक टिकतं ते हबला घासून."

हाच सगळा फंडा आहे. चार बोल्ट म्हणजे चाक लटकवायचे चार खिळे नव्हेत. बोल्ट घट्ट करताना तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाकाला हबच्या सपाट तोंडावर आवळून धरतो. १२ मिलिमीटरचा बोल्ट ९० न्यूटन मीटर टॉर्कने आवळला, तर तो ढोबळमानाने साडेतीन ते चार टनांच्या जोराने चाक दाबतो. चार बोल्ट म्हणजे चौदा-पंधरा टन. या दाबामुळे चाक आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होतं, तेच ब्रेकचा, वळणाचा आणि खड्ड्याचा मार सोसतं. सगळं नीट बसलेलं असेल तर बोल्टावर आडवा जोर जवळपास येतच नाही.

आता बोल्टाचं डोकं खालून बघा. ते शंकूसारखं निमुळतं असतं आणि चाकाच्या भोकातही तशीच शंकूची खोबण असते. दोन्ही शंकू एकमेकांत गोलाकार, सगळ्या बाजूंनी टेकले तर दाब सगळीकडे सारखा. बोल्ट एक मिलिमीटर सरकलेला असेल तर शंकू एकाच बाजूला टेकतो. तुम्ही पाना ओढता तेव्हा जोर दाबण्यात जात नाही, एका कडेवर घासण्यात जातो. पाना 'टक्' करतो, हाताला घट्ट लागतं, पण चाकावर हवा तेवढा दाब नसतोच. वर बोल्टही किंचित वाकलेला. आणि चारही बोल्ट आपापल्या दिशेने ओढतात, त्यामुळे चाक नेमकं मध्यावर बसेल याची खात्री नाही ती नाहीच.

हा वाकलेला बोल्ट चाकाच्या प्रत्येक फेरीत एकदा थोडा जास्त वाकतो आणि पुन्हा सैल होतो. माझ्या गाडीवर मूळचे टायर १६५/८० आर १३ होते. त्यांचा घेर साधारण एक मीटर सत्त्याऐंशी सेंटिमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. भागाकार करून बघा. एका फेरीत चाक पन्नास हजारांपेक्षा जास्त वेळा फिरतं. पन्नास हजार वेळा वाकवलेली तार काय करते, हे शाळेत पत्र्याची पट्टी मोडून बघितलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही.

माझ्या ऑफिसातल्या एका मित्राचीही पॅलिओच. त्याला एका दुकानाने १०० ची चाकं थेट ९८ च्या हबवर ठोकून दिली होती. पहिले दोन आठवडे सगळं कूल. मग ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायला लागलं. त्याला वाटलं बॅलन्सिंग गेलं. दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं. एका शनिवारी पुण्याहून मुंबईला जाताना घाट उतरल्यावर थरथर वाढली, म्हणून त्याने खालापूरच्या फूड मॉलवर गाडी थांबवली. पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट हाताने फिरत होते. हाताने! मागच्या सीटवर त्याची बायको आणि आठ महिन्यांची मुलगी होती. त्याने तिथेच चाकं ओळीने घट्ट केली आणि साठच्या स्पीडने घर गाठलं. दुसऱ्या दिवशी जुनी लोखंडी चाकं परत चढवली.

काका ऐकून एवढंच म्हणाले, "थरथर म्हणजे गाडीची हाक असते. बॅलन्सिंगवाल्याला ती ऐकू येत नाही."

बोअर, पण बोअर न करणारा

पीसीडी जुळला म्हणजे पत्रिका जुळली असं नाही. चाकाच्या मधोमध जे मोठं भोक असतं, त्याला सेंटर बोअर म्हणतात. हबच्या मध्यावर एक उंचवटा असतो, त्याच्यावर हे भोक अचूक बसलं की चाक आपोआप मध्यावर येतं. पॅलिओच्या हबचा हा उंचवटा ५८.१ मिलिमीटरचा. स्विफ्टच्या चाकाचं मधलं भोक ५४.१. म्हणजे बोल्टांचा प्रश्न बाजूलाच ठेवा, स्विफ्टचं कंपनी फिटेड अलॉय पॅलिओवर टेकणारच नाही. जुन्या होंडा सिटीचं ५६.१, तेही नाही. लोगानचं ६०.१, हे बसेल, पण दोन मिलिमीटर ढिलं.

बाजारातली बिगर-कंपनीची चाकं वेगवेगळ्या गाड्यांना चालावीत म्हणून मुद्दाम मोठ्या बोअरची करतात. ६७.१ किंवा ७३.१ हे नेहमीचे आकडे. मग चाक आणि हब यांच्यातली फट भरायला एक कडी घालतात, तिला हब रिंग म्हणतात. बाहेरून ६७.१, आतून ५८.१. दिसायला बांगडीएवढी, पण चाक मध्यावर आणणारी तीच. दुकानदार ती देत नसेल तर मागून घ्या. 'गरज नाही' म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

तिसरा गुण ऑफसेटचा. चाक हबला जिथे टेकतं ती जागा चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, तो आकडा. चाकावर तो 'ईटी' म्हणून कोरलेला असतो. आकडा लहान झाला की चाक मडगार्डच्या बाहेर डोकावायला लागतं. चौथा गुण बोल्टाच्या आट्यांचा. फियाट आणि मारुतीचे आटे १.२५ चे, ह्युंदाई, होंडा आणि रेनॉचे १.५ चे. दोन्ही बोल्ट १२ मिलिमीटरचेच, शेजारी ठेवले तर भाऊ-भाऊ वाटतात. चुकीचा बोल्ट जोर लावून फिरवला की हबचे आटे गेलेच म्हणून समजा. पाचवा गुण बोल्टाच्या डोक्याचा. होंडा आणि फोक्सवॅगनच्या मूळ चाकांची खोबण गोल चेंडूसारखी असते, शंकूची नाही. शंकूचा बोल्ट गोल खोबणीत टेकतो तो फक्त एका रेषेवर. म्हणजे पुन्हा तीच रड.

मग करायचं काय?

पीसीडी बदलायचे मार्ग मोजून पाच. सोप्यापासून अवघडाकडे जाऊ.

पहिला, गाडीला हात न लावणे. आपल्याच पीसीडीचं चाक शोधा. झेन किंवा ८०० वाल्यांचं नशीब इथे चांगलं. बाजारात आठ भोकांची चाकं मिळतात, चार भोकं १०० ची आणि चार ११४.३ ची. त्यांना काहीच बदलायचं नाही, बोअरची रिंग टाकली की काम फत्ते. पॅलिओवाल्यांनी मात्र आठ भोकं बघून हुरळून जाऊ नये. त्या आठात ९८ नसतं.  आपल्याला जुनी मूळ अलॉय मिळतात का ते बघणं, किंवा भोकं न पाडलेलं कोरं चाक घेऊन बनवणाऱ्याकडूनच ९८ वर पाडून घेणं, हे पर्याय उरतात.

दुसरा, वॉबल बोल्ट. हा खास फियाटवाल्यांसाठीचा इलाज. या बोल्टाचा शंकू डोक्याला जोडलेला नसतो, वेगळ्या कडीसारखा सुटा असतो आणि बाजूला सरकू शकतो. बोल्ट ९८ वर सरळ जातो, शंकू मात्र सरकून १०० च्या खोबणीत गोलाकार बसतो. प्रत्येक बोल्टाला साधारण एक मिलिमीटरभर मुभा मिळते, म्हणून ९८ ते १०० हा फरक त्यात मावतो. ११४.३ ते १०० स्वप्नातसुद्धा नाही. आणि एक अट पक्की: हब रिंग हवीच. शंकू सरकता असल्यामुळे हे बोल्ट चाकाला मध्यावर आणू शकत नाहीत, ते काम पूर्णपणे रिंगचं.

तिसरा, अडॅप्टर. अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती. ती आधी हबला जुन्या पीसीडीवर बसते आणि तिच्यावर नव्या पीसीडीचे स्टड असतात. झेनला १०० ची चाकं लावायची असतील तर हा मार्ग. आधीच्या बोल्टांची डोकी आत लपायला हवीत म्हणून चकती साधारण २० मिलिमीटर तरी जाड लागते. म्हणजे ईटी ३८ चं चाक ईटी १८ सारखं वागतं, दोन्ही बाजू मिळून गाडी ४० मिलिमीटर रुंद होते, बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यात टायर मडगार्डला घासू शकतो. अडॅप्टर लावायचाच तर चाक जास्त ईटीचं निवडा आणि चकती घडीव मिश्रधातूची घ्या. ओतीव स्वस्त चकती म्हणजे दिवाळीतला फटाका. आणि लक्षात ठेवा, आता एका चाकामागे बोल्टांचे दोन संच आहेत. आतला संच चाक काढल्याशिवाय दिसत नाही, पण तपासावा त्यालाही लागतो.

चौथा, हबला नवी भोकं. जुन्या चार भोकांच्या बरोबर मधोमध, ४५ अंश फिरवून, नव्या मापाची चार भोकं. कागदावर सोपं आहे, पॅलिओच्या दोन जुन्या भोकांच्या मध्ये जागाही भरपूर असते. पण हब गाडीतून बाहेर काढावा लागतो, पुढचं बेअरिंग दाबून काढताना बहुधा खराब होतं, म्हणजे नवं बेअरिंग आलं. डिस्क आणि मागचे ड्रम यांनाही तीच भोकं हवीत. हे काम कोन अचूक मोजणाऱ्या मिलिंग मशीनवरच करायचं. हातातल्या ड्रिलने अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झालं की जो आजार घालवायला निघालो तोच पुन्हा, आणि या वेळी हबमध्ये कायमचा.

पाचवा, सख्ख्या भावाचा हब. बाहेरच्या देशांत जुन्या गाड्यांचे शौकीन हाच रस्ता पसंत करतात, कारण त्यांच्या गाडीचा एखादा ताकदवान भाऊ कंपनीनेच बनवलेला असतो. तिसऱ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फला साधारण ४ गुणिले १०० चे हब होते, तर व्हीआर ६ इंजिनवाल्या गोल्फला ५ गुणिले १००. मग साध्या गोल्फला व्हीआर ६ चे हब आणि ब्रेक. निस्सानच्या २४० एसएक्सवाल्यांनी चार भोकांवरून पाचावर जाताना पुढच्या पिढीचे हब घेतले. यात सगळं कंपनीने तपासलेलं, आणि ब्रेकही मोठे मिळतात. म्हणूनच हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. पॅलिओला १०० च्या हबचा असा भाऊ मला सापडला नाही. असता तर मी हा लेख इथेच संपवला असता!

स्टेपनीला विसरू नका

चाकं बदलण्याच्या आनंदात डिकीतली स्टेपनी सगळेच विसरतात. ती अजून जुन्याच पीसीडीची, लोखंडी. अडॅप्टर लावलाय आणि रात्री अकराला पनवेलजवळ पंक्चर झालं, तर १०० च्या अडॅप्टरवर मूळ मापाची स्टेपनी चढणार नाही. आधी अडॅप्टर काढायचा, मग स्टेपनी. वॉबल बोल्ट असतील तर ते लोखंडी चाकात नीट बसतीलच असं नाही. म्हणून जुने चार बोल्ट एका पिशवीत घालून स्टेपनीच्या खाली ठेवायचे. पैसे शून्य, आणि त्या रात्री त्या पिशवीची किंमत विचारू नका.

पंक्चरवाल्याकडेही उभं राहायचं. तो पान्यावर उभा राहून बोल्ट आवळतो, किंवा हवेच्या गनने 'घर्रर्र' करून मोकळा होतो. त्याला हात जोडून सांगा, "दादा, नुसते टेकवा, घट्ट मी करतो." आणि मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, टॉर्क पान्याने. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. आट्यांना ग्रीस लावायचं नाही. आटे गुळगुळीत झाले की तोच टॉर्क बोल्टाला प्रमाणाबाहेर ताणतो.

आरटीओ आणि इन्शुरन्स

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. पीसीडी आरसीवर लिहिलेला नसतो हे खरं. पण आपल्या गाड्या पंधरा वर्षांच्या पुढच्या. दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते, आणि मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक सगळ्यात आधी नजरेत भरतं. टायरचा बाहेरचा व्यासही मूळच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. माझ्या १६५/८० आर १३ च्या जागी १७५/६५ आर १४ घातले तर फरक दोन टक्क्यांच्याही आत राहतो.

इन्शुरन्स कंपनीला चाकं बदलल्याचं लेखी कळवा. थोडा जादा प्रीमियम भरून मॅग व्हील्स ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत घालता येतात. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी नेमका आठवतो, तो त्यांना.

दुकानात जाण्याआधी

• पीसीडी टेपने मोजू नका, व्हर्नियरने मोजा. एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत. चार भोकांच्या चाकात हाच पीसीडी.
• पाच भोकं असतील तर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर गुणिले १.७०१.
• बोअर, ईटी, आटे आणि खोबणीचा आकार, चारही कागदावर लिहून न्या.
• बोल्ट हाताने किती वेढे आत जातो ते मोजा. निदान १२ मिलिमीटर आत जायला हवा. १.२५ च्या आट्यांना दहा वेढे, १.५ च्या आट्यांना आठ.
• चाकाच्या मागच्या बाजूला भार क्षमता आणि दर्जाची खूण बघा. जपानी पद्धतीच्या चाकांवर 'जेडब्ल्यूएल' कोरलेलं असतं. काहीच कोरलेलं नसेल तर चाक तिथेच ठेवा.
• बसवल्यावर शंभर किलोमीटर झाले की पुन्हा टॉर्क तपासा. मग दर सर्व्हिसिंगला.
• नवी थरथर आली तर आधी बोल्ट, मग बॅलन्सिंग.

तर मी काय केलं? १४ इंची, ४ गुणिले १०० ची, ६७.१ बोअरची चाकं घेतली. अ‍ॅल्युमिनियमच्या चार रिंगा आणि १.२५ आट्यांचे सोळा वॉबल बोल्ट मागवले. काकांनी प्रत्येक बोल्ट बसवण्याआधी बोटाने शंकू हलवून बघितला, खोबणीत टेकला का ते टॉर्चने बघितलं, आणि मगच पाना हातात घेतला. दुकानात वीस मिनिटांत झालं असतं त्या कामाला अख्खी सकाळ गेली. शंभर किलोमीटरनंतर परत गेलो तर सोळापैकी एकही बोल्ट हलला नव्हता.

माझ्या मित्राने वेगळं केलं. जुनी लोखंडी चाकं घासून, गडद राखाडी पावडर कोटिंग करून घेतली आणि मधे फियाटची जुनी टोपी लावली. पीसीडी तोच, बोल्ट तेच, स्टेपनी तीच. खरं सांगू? पार्किंगमध्ये लोक त्याचीच गाडी आधी बघतात.

शेवटी प्रश्न ९८ की १०० हा नाहीच. चाक गाडीसाठी शोधायचं की गाडी चाकासाठी बदलायची, हा आहे. पहिलं जमत असेल तर दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका. आणि जावंच लागलं तर सगळं मोजून जा. लग्नात पत्रिका जुळली नाही तरी संसार होतात म्हणे. चाकाच्या बाबतीत तेवढी सूट नाही.